पहिली आवृत्ती : ओळख आणि हेळसांड

काही वर्षांपूर्वी नगरमधल्या एका रद्दीच्या दुकानात मला विश्राम बेडेकर यांची 'रणांगण' मिळाली. दुकानदार ओळखीचा. जुने पुस्तक आले की बाजूला ठेवतो. "सर, ये देखो, बहुत पुरानी किताब हय, तुमारे काम की," असे म्हणून त्याने ती माझ्या हातात दिली. पुस्तकाची पाठ गेलेली, सुरुवातीची दोन पाने नाहीत, कागद पिवळा पडून कडेला भुगा होऊ लागलेला. 'रणांगण' १९३९ साली ह. वि. मोटे यांनी प्रसिद्ध केली, हे ठाऊक होते. मनात म्हटले, लागली लॉटरी. वीस रुपये दिले आणि पुस्तक पिशवीत टाकून घर गाठले.

रात्री दिव्याखाली वाचायला घेतले आणि दुसऱ्याच पानावर उत्साह मावळला. 'काही', 'नाव', 'घरी', 'नाही' हे सगळे शब्द आजच्यासारखेच, डोक्यावर टिंब नसलेले. १९३९ सालच्या पुस्तकात ते 'कांहीं', 'नांव', 'घरीं', 'नाहीं' असे असायला हवेत. शेवटच्या पानाच्या तळाशी छापखान्याचा पत्ता होता आणि त्यात सहा आकडी पिनकोड होता. भारतात पिनकोड सुरू झाला तो १५ ऑगस्ट १९७२ रोजी. म्हणजे माझी 'पहिली आवृत्ती' पहिलीपेक्षा किमान तेहेतीस वर्षांनी लहान निघाली. पिवळा कागद एवढेच सांगत होता की तो हलक्या प्रतीचा होता आणि कुणीतरी तो ओलीत ठेवला होता.

घरात हसू झाले. पण या फजितीतून एक प्रश्न उभा राहिला, त्याचाच विचार इथे करायचा आहे. मजकूर तोच, वाक्ये तीच, मग पहिली आवृत्ती असली काय आणि चौथी असली काय, काय फरक पडतो? हा नाद श्रीमंत संग्राहकांचा, आपल्यासारख्यांनी त्यात कशाला पडावे, असे आपले बहुतेक समीक्षक मानतात. मला ते पटत नाही. 'रणांगण' याच कादंबरीवरून सांगतो. युरोपातून हिंदुस्थानकडे निघालेल्या बोटीवर चक्रधर हा मराठी तरुण आहे आणि जर्मनीतून हाकलले गेलेले ज्यू आहेत. हॅर्टा त्यांतलीच. आज आपण ती वाचतो तेव्हा ज्यूंचे पुढे काय झाले हे आपल्याला पाठ असते. पण पुस्तकावर १९३९ हा आकडा असतो तेव्हा आपल्याला थांबावे लागते. या लेखकाला तो शेवट माहीत नव्हता. महायुद्ध नुकतेच पेटत होते. एक अख्खी जमात एका बोटीवर कोंबली गेली आहे आणि तिला कोणतेच बंदर आपले म्हणत नाही, एवढेच त्याने पाहिले होते आणि तेवढ्यावरून त्याने ही कादंबरी लिहिली. सालाचा आकडा काढून टाका, आणि हीच कादंबरी घडून गेलेल्या गोष्टीवरची हळहळ होऊन बसते. केवळ नावावरून आणि जमातीवरून माणसाकडे संशयाने पाहिले जाण्याचा अनुभव ज्या वाचकांना आहे, त्यांना हा फरक समजावून सांगायला नको.

तेव्हा आवृत्ती ओळखणे हे समीक्षेचेच काम आहे. अडचण अशी की मराठीत ते सोपे नाही.

पहिला घोळ 'आवृत्ती' या शब्दातच आहे. मजकूर बदलून, सुधारून, पुन्हा जुळवून छापलेले पुस्तक ही नवी आवृत्ती. आहे तोच मजकूर पुन्हा यंत्रावर चढवला तर ते पुनर्मुद्रण. आपल्याकडे दोन्हींना सर्रास आवृत्तीच म्हणतात, कारण 'सातवी आवृत्ती' म्हटले की पुस्तक खपते आहे असे दिसते. उलट टोकाला दुसरी लबाडी असते. प्रकाशक बदलला की मोजणी पुन्हा एकपासून सुरू होते. नेमाड्यांची 'कोसला' १९६३ साली पुण्याच्या देशमुख आणि कंपनीने काढली, पुढे ती पॉप्युलर प्रकाशनाकडे गेली. खांडेकरांची 'ययाति' १९५९ साली देशमुखांचीच, आज ती मेहता पब्लिशिंग हाऊसची म्हणून ओळखली जाते. अशा स्थलांतरानंतर एखाद्या पुस्तकात नुसते 'प्रथमावृत्ती' एवढेच छापलेले असले तर त्याचा अर्थ 'आमची प्रथमावृत्ती' असा असू शकतो. चांगले प्रकाशक मागचा सगळा इतिहास सालांसह देतात. सगळेच प्रकाशक चांगले असतात असे कुठे आहे!

म्हणून पुस्तक स्वतःबद्दल जे छापून सांगते त्यावर विसंबण्यापेक्षा, जे त्याच्याकडून नकळत सांगितले जाते त्याकडे पाहावे. किंमत हा यातला सर्वांत बोलका साक्षीदार. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली. त्याआधीच्या पुस्तकावर रुपये आणि आणे असतात. त्यानंतर १९६४ च्या जूनपर्यंत 'नये पैसे' असतात. मग 'नये' गळाले आणि नुसते पैसे राहिले. अण्णाभाऊ साठे यांची 'फकिरा', 'ययाति', रणजित देसाई यांची 'स्वामी', 'कोसला' या सगळ्या १९५९ ते १९६३ मधल्या, म्हणजे नेमक्या नव्या पैशांच्या सहा-सात वर्षांतल्या. यांपैकी एखाद्या पुस्तकावर अडीचशे रुपये किंमत दिसली तर पुढे काही पाहण्याची गरजच नाही. उलट साताऱ्याच्या किंवा कोल्हापूरच्या एखाद्या छोट्या प्रकाशकाच्या बिनतारखेच्या कादंबरीवर 'अडीच रुपये, ५० नये पैसे कमिशन वजा' असा शिक्का सापडला, तर निदान तो शिक्का कोणत्या वर्षांत मारला गेला हे कळते. शिक्क्यात आणि छापलेल्या किमतीत मात्र फरक करावा. न खपलेल्या प्रतींवर प्रकाशक नवी किंमत चिकटवतात. चिकटवलेल्या पट्टीखाली जुनी किंमत असेल तर ती प्रत पहिल्या छपाईची असण्याची शक्यता उलट वाढते.

पत्त्यातले पिनकोड आणि फोन नंबर हे दुसरे साक्षीदार. 'पुणे २' असे असेल तर १९७२ पूर्वीचे असू शकते, 'पुणे ४११ ०३०' असेल तर नाहीच. पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक, तो आयएसबीएनचा, आपल्याकडे १९८० च्या दशकात येऊ लागला आणि २००७ पासून तो तेरा आकडी झाला. गावांच्या नावांचेही तसेच. औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर २०२३ साली झाले, आपल्या अहमदनगरचे अहिल्यानगर २०२४ साली. नामांतराबद्दल ज्याला जे वाटायचे ते वाटो, तो या लेखाचा विषय नाही. पण पन्नास वर्षांनी एखादा सूचीकार बिनतारखेचे पुस्तक हातात घेऊन बसेल, तेव्हा आतल्या पानावर कोणते नाव आहे यावरूनच तो साल ठरवील. लोक पत्त्यात जुनेच नाव लिहीत राहतात, हेही त्याला ध्यानात ठेवावे लागेल.

टिंबाची गोष्ट थोडी जास्त नाजूक आहे. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नवे नियम १९६२ साली शासनाने स्वीकारले आणि ज्यांचा उच्चार होत नाही असे अनुस्वार लेखनातून गेले. यावरून टिंब नसलेली 'रणांगण' १९३९ ची नाही हे पक्के म्हणता येते. पण उलटे म्हणता येत नाही. काही लेखक आणि प्रकाशक पुढेही बराच काळ जुन्या पद्धतीने लिहीत राहिले. शिवाय ऑफसेट आल्यावर जुन्या पानांचे फोटो काढून जसेच्या तसे पुस्तक छापता येऊ लागले, त्यात टिंबेही जशीच्या तशी आली. अशा वेळी डोळ्यांपेक्षा बोटांवर भरवसा ठेवावा. खिळ्यांनी छापलेल्या कागदावरून बोट फिरवले तर अक्षर किंचित रुतल्यासारखे लागते, पानाच्या मागच्या बाजूला उठाव जाणवतो. ऑफसेटचे पान सपाट असते. आमच्या गल्लीतला एक म्हातारा कंपॉझिटर डोळे मिटून हे सांगायचा. चाळीसच्या आसपासच्या पुस्तकांत आणखी एक खूण कधी कधी भेटते, 'अि', 'अी', 'अु' अशी अ-च्या बाराखडीची. सावरकरांनी आग्रह धरलेली ही लिपिसुधारणा किर्लोस्करांच्या मासिकांनी उचलली होती. आज ती वापरणारे जवळपास कुणी नाही, म्हणून कालनिश्चितीला ती फार उपयोगी.

याहून सोपी खूण पुरस्कारांची. 'ययाति'च्या कुठल्याही कोपऱ्यात ज्ञानपीठाचा उल्लेख असेल तर ती प्रत १९७४ नंतरची, कारण खांडेकरांना ज्ञानपीठ मिळाले ते त्या साली. साहित्य अकादेमीचा उल्लेख असेल तरी ती पहिली नव्हे, तो पुरस्कार १९६० चा. हे सांगायला विद्वान लागत नाही. तरी मी 'ययाति पहिली आवृत्ती' म्हणून ज्ञानपीठाच्या बातमीसह विकले गेलेले पुस्तक पाहिले आहे. घेणाऱ्याने ते मखमली कापडात गुंडाळून ठेवले होते. मी काही बोललो नाही.

इंग्रजीतले संग्राहक या बाबतीत आपल्या खूप पुढे गेले आहेत, आणि तिथे गंमत अशी की चूक हीच ओळख ठरते. फिट्झजेराल्डची 'द ग्रेट गॅट्स्बी' १९२५ साली आली. तिच्या वेष्टनावर मागच्या बाजूला नायकाच्या नावाचे पहिले अक्षर मोठ्या लिपीत पडण्याऐवजी लहान पडले. ते हाताने दुरुस्त करावे लागले. आतल्या २०५ व्या पानावरही एक शब्द चुकीचा जुळला होता. पुढच्या छपाईत चुका गेल्या, आणि आता त्या चुका असलेली प्रत लोक शोधतात. हॅरी पॉटरच्या १९९७ च्या पहिल्या पुस्तकाच्या पुठ्ठाबांधणीच्या फक्त ५०० प्रती छापल्या होत्या. त्यात शाळेच्या सामानाच्या यादीत जादूची कांडी दोनदा आली आहे. त्यांतली एक प्रत २०२१ च्या डिसेंबरात अमेरिकेत चार लाख एकाहत्तर हजार डॉलरला गेली. आपल्याकडे पुस्तक किलोने जाते. पण चुकीवरून ओळख पटवण्याची रीत आपल्यालाही घेता येईल, कारण चुकांची आपल्याकडे टंचाई नाही. मराठी पहिल्या आवृत्त्यांत पुष्कळदा 'शुद्धिपत्र' जोडलेले असते. त्यातल्या चुका आतल्या पानांत तशाच असतील तर ती पहिली छपाई. चुका दुरुस्त झालेल्या असतील आणि शुद्धिपत्र नसेल तर पुढची. हे मिळवून पाहण्याचे काम एम. ए. च्या विद्यार्थ्याला एका दुपारी करता येण्यासारखे आहे.

पहिली आवृत्ती म्हणजे पहिले पुस्तक की पहिली छपाई, हाही एक पेच आहे. हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' आधी 'करमणूक' या त्यांच्याच साप्ताहिकातून १८९० पासून हप्त्याहप्त्याने आली, पुस्तक झाले ते १८९३ साली. मग पहिली कुठली मानायची? संग्राहक पुस्तक मागेल. समीक्षकाने हप्ते मागावेत असे मला वाटते. वाचक पुढच्या आठवड्याची वाट पाहत होता, हे त्या कादंबरीच्या रचनेत मुरलेले आहे आणि ते बांधलेल्या पुस्तकात दिसत नाही. पुढे दिवाळी अंकांनी हीच गुंतागुंत वाढवली. 'संपूर्ण कादंबरी' म्हणून अंकात छापायचे, मग भर घालून पुस्तक करायचे. या जुन्या पुस्तकांवर सन नसून शके असला तर गोंधळू नये, अठ्ठ्याहत्तर मिळवावेत. चैत्राच्या आधीचे महिने असतील तर एकोणऐंशी.

नगर जिल्ह्याकडे आलो की हा प्रश्न घरचाच होतो. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' कादंबरी नव्हे, पण तिच्याइतकी वाचनीय कादंबरी मराठीत थोडीच आहे. राहुरी आणि नगर त्या पुस्तकात पानोपानी आहेत. ती १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत निघाली. म्हणून एका पुस्तकात सलग छापलेली 'स्मृतिचित्रे' कितीही जुनी दिसली तरी पहिली असू शकत नाही. कुणी चारही भाग एकत्र जिल्दीत बांधून घेतले असतील तर गोष्ट वेगळी. मग पृष्ठांक पाहावेत. 'बलुतं' लिहिणारे दया पवार अकोले तालुक्यातल्या धामणगावचे. पुस्तक ग्रंथालीने १९७८ साली काढले. रंगनाथ पठारे संगमनेरचे, आणि त्यांची 'सातपाटील कुलवृत्तांत' २०१९ साली श्रीरामपूरच्या शब्दालय प्रकाशनाने छापली. मराठीतली अलीकडची एक मोठी कादंबरी मुंबई-पुण्याच्या पत्त्याशिवाय निघाली. उद्याच्या संग्राहकाला पहिल्या आवृत्तीत 'श्रीरामपूर' हे नाव शोधावे लागेल. मला त्याचे समाधान वाटते.

आणि किल्ला. १९४२ ते १९४५ या काळात नगरच्या भुईकोट किल्ल्यात दोन पुस्तके लिहिली गेली, नेहरूंचे 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' इंग्रजीत आणि मौलाना आझादांचे 'गुबार-ए-खातिर' उर्दूत. दोन्ही १९४६ साली बाहेर पडली. नेहरूंचे कलकत्त्याच्या सिग्नेट प्रेसने छापले, मौलानांचे दिल्लीहून निघाले. पहिले पुस्तक इथे शाळेत बक्षीस म्हणून मिळायचे. दुसरे नवाब हबीबुर्रहमान खान शेरवानी यांना लिहिलेल्या, पण तुरुंगातून पाठवता न आलेल्या पत्रांचे. ते नगरमध्ये किती घरांत आहे? मी विचारत फिरलो. बहुतेकांनी साहित्य अकादेमीची, मालिक राम यांनी टिपांसह संपादित केलेली १९६७ ची आवृत्ती दाखवली. वाचायची असेल तर तीच घ्यावी, कारण त्यांच्या टिपांशिवाय मौलानांचे अर्धे संदर्भ आपल्याला लागत नाहीत. पहिली आवृत्ती नेहमी चांगली आवृत्ती असतेच असे नाही, हेही या निमित्ताने सांगून टाकतो. पण पत्रांच्या माथ्यावर 'किला अहमदनगर' असे छापलेले १९४६ चे पुस्तक याच गावात पाहायला मिळू नये, याची चुटपुट लागून राहते.

असे का होते? कायदे नव्हते असे नाही. १८६७ च्या मुद्रण आणि नोंदणी कायद्याने प्रत्येक पुस्तकावर मुद्रक-प्रकाशकाचे नाव-गाव छापणे बंधनकारक केले होते. सरकारी तिमाही याद्यांत आवृत्ती कितवी, प्रती किती, किंमत काय, हे सगळे नोंदवले जाई. मुंबई इलाख्याच्या त्या याद्या म्हणजे पहिल्या आवृत्तीच्या शोधात असणाऱ्याला खजिनाच. तो कायदा आता नाही. १ मार्च २०२४ पासून त्याच्या जागी नवा कायदा आला आणि त्यातून पुस्तके वगळली गेली. १९५४ चा दुसरा कायदा आहे. त्यानुसार प्रत्येक नव्या पुस्तकाची एकेक प्रत कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय, चेन्नईचे कॉनेमारा, मुंबईचे मध्यवर्ती ग्रंथालय आणि दिल्ली पब्लिक लायब्ररी यांना द्यायची असते. मोठे प्रकाशक देतात. ज्याने बायकोचे दागिने मोडून गावच्या छापखान्यात पाचशे प्रती काढल्या, त्याला कुणी हे सांगितलेलेच नसते. व्यक्तींनी केलेले काम मात्र थक्क करणारे आहे. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ ची 'मराठी ग्रंथसूची' १९४३ साली छापली, आणि १९५० पर्यंतचा दुसरा खंड १९६१ साली. कुठल्या पुस्तकाची पहिली आवृत्ती कधीची, या वादात आजही शेवटचा शब्द बहुधा दात्यांचाच असतो.

पण दाते १९५० ला थांबतात, आणि ज्याला आपण मुस्लिम मराठी साहित्य म्हणून ओळखतो, त्याचा मोठा भाग त्यानंतरचा आहे. हमीद दलवाई यांची 'इंधन' १९६५ ची. सोलापूरचे पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन, फ. म. शहाजिंदे यांच्या अध्यक्षतेखालचे, १९९० चे. त्याच्या आगेमागे आपल्यातल्या किती जणांनी कादंबऱ्या, कथासंग्रह, कवितासंग्रह स्वखर्चाने काढले! त्यांवर साल नाही, किंमत शाईने लिहिलेली, प्रकाशक म्हणून पत्नीचे नाव, छापखाना लग्नपत्रिका छापणारा. यांना दुसरी आवृत्ती नाही. इंग्रजीतल्या संग्राहकासमोर प्रश्न असतो की ही प्रत पहिली आहे का. आपल्यासमोर प्रश्न आहे की प्रत आहे का. पहिली आवृत्ती हीच शेवटची, आणि पुष्कळदा हाती असलेली प्रत हीच आवृत्ती.

पुस्तकाच्या अंगाचे शब्द, किताब, कागद, जिल्द, शाई, मराठीला आपल्या बाजूने आले. श्रीगोंद्याच्या शेख महंमद बाबांचे नाव घेतल्याशिवाय आपले एकही भाषण संपत नाही. जुना नकलनवीस फारसी हस्तलिखिताच्या शेवटी तरकीमा लिहायचा. त्यात कोणी, कुठे, कोणत्या तारखेला नक्कल पूर्ण केली ते असायचे. साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या माणसाला जे जमत होते ते १९९२ साली ऑफसेटवर छापणाऱ्या आपल्या कवीला जमले नाही.

'इंधन'चा मुद्दा मुद्दाम काढला. दलवाईंच्या विचारांबद्दल आपल्यात मतभेद आहेत, ते राहणारच आणि राहावेतही. पण मी ज्या चर्चांना बसलो, त्यांत 'इंधन'वर तावातावाने बोलणाऱ्यांपैकी बहुतेकांनी तिचे दिलीप चित्रे यांनी केलेले इंग्रजी भाषांतर, 'फ्युएल', किंवा कुणाच्या लेखातला सारांश वाचला होता. काहींनी तोही नाही. जो मुसलमान तरुण गावात परत येतो आणि ज्याच्या डोळ्यांदेखत गाव पेटते, त्याच्या तोंडी कोकणातल्या मुसलमानाची बोली आहे की छापील मराठी, हे पाहिल्याशिवाय या कादंबरीबद्दल काय बोलणार? तिच्यातले भांडण विचारांचे आहे तसे भाषेचेही आहे, आणि भाषा भाषांतरात सर्वांत आधी जाते. मला स्वतःला दलवाईंची कादंबरी त्यांच्या लेखांहून अधिक खरी वाटते. लेखात ते निकाल देतात, कादंबरीत त्यांना निकाल देता येत नाही. पण हे म्हणण्यासाठी हातात १९६५ चे पुस्तक असावे असे वाटले, म्हणून शोधाशोध सुरू केली.

ते सापडले तालुक्याच्या एका लहान वाचनालयात. नाव सांगत नाही. वेष्टन नव्हते. वाचनालयांच्या बांधणीत ते जातेच, जिल्दगर आधी तेच फाडतो. काळ्या कापडाची जिल्द, पाठीवर पांढऱ्या शाईत दाखलअंक. पहिल्या पानामागे मुद्रकाची ओळ शाबूत होती. किंमत रुपये-पैशांत होती, 'नये' नव्हते, पत्त्यात पिनकोड नव्हता. कागदावर बोट फिरवले, अक्षर रुतलेले लागले. मी ग्रंथपाल बाईंना विनंती केली की दाखलनोंदवही दाखवा. त्यांनी कुरकुरत का होईना, धूळ झटकून ती आणून दिली. त्यात हिरव्या शाईत नोंद होती, तारीख १९६६ च्या सुरुवातीची. पुस्तकाने स्वतःबद्दल जे सांगितले आणि नोंदवहीने जे सांगितले ते जुळले. मागच्या खिशातल्या देवघेव-चिठ्ठीवर मोजून नऊ शिक्के होते, शेवटचा १९८७ चा. घरी नेऊ द्यायला बाई तयार नव्हत्या. जुने पुस्तक बाहेर द्यायचे नाही, असा समितीचा ठराव असल्याचे त्यांनी सांगितले, आणि मला तो ठराव आवडलाही. तिथेच बसून एका दिवसात वाचली, बोलीच्या जागा वहीत टिपून घेतल्या. पन्नासेक पाने राहिली. म्हटले, ईदनंतर येऊ.

ईदनंतर जाणे झाले नाही. वर्ष-सव्वा वर्षाने गेलो, तर कपाटे नवी होती, स्पर्धा परीक्षांची पुस्तके लावलेली. जीर्ण पुस्तकांचे निर्लेखन झाले होते, रीतसर, समितीच्या सहीने. बाईंची बदली नव्हे, निवृत्तीच झाली होती. नव्या तरुणाने मला यादी दाखवली. त्यात पुस्तकांची नावे नव्हती, नुसते दाखलअंक. माझ्या वहीत टिपलेला अंक त्यात होता. कुणाला विकली, असे विचारले तर म्हणाला, "काका, टेम्पो नगरचा होता."

परतताना त्या रद्दीच्या दुकानात गेलो. त्याने मान हलवली, पण गोदामाची किल्ली दिली. तीन रविवार गठ्ठे उपसले. काळ्या कापडाच्या जिल्दी बऱ्याच होत्या, पाठीवर पांढऱ्या शाईचे आकडेही. तो आकडा नव्हता. वही अजून माझ्याकडे आहे. तिच्यात बोलीच्या जागा आहेत, पृष्ठांकांसह. ते पृष्ठांक १९६५ च्या प्रतीचे आहेत, असे मी पहिल्या पानावर तारीख घालून लिहून ठेवले आहे.